गोळीची रिअ‍ॅक्शन आणि अंगावरचं पुरळ: आधी तारखा जुळवा

अंगावर पुरळ उठलं की आपल्याकडे सोलापुरात निदान घरातच होतं: गोळ्या गरम पडल्या. मग सब्जा, ताक, गुलकंद सुरू होतं. ते घ्यायला कुणाची ना नाही. पण पोट थंड करण्याच्या नादात ज्या गोळीनं हे केलं ती चालूच राहते. औषधाच्या पुरळावर पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे ते औषध ओळखणं आणि थांबवणं. मलम, खाजेची गोळी, इंजेक्शन हे सगळं त्यानंतरचं. आणि औषध ओळखायला बहुतेक वेळा रक्ताच्या तपासणीपेक्षा तारखाच जास्त कामाला येतात.

बहुतेक वेळा घडतं असं, की आपली प्रतिकारशक्ती एखाद्या औषधाला परकं ठरवते आणि त्याच्याविरुद्ध पेशी तयार करते. औषध पहिल्यांदाच घेतलं असेल तर या तयारीला साधारण आठवडा लागतो. म्हणून सर्वांत जास्त आढळणारं पुरळ औषध सुरू केल्यापासून ४ ते १४ दिवसांत उठतं. गोवरासारखे बारीक लाल ठिपके आणि पुटकुळ्या, आधी छाती-पोट-पाठीवर, मग दोन्ही हातापायांवर सारख्याच. तेच औषध पुढे कधी पुन्हा पोटात गेलं, तर पेशी तयारच असतात आणि पुरळ १ ते ३ दिवसांत येतं.

हा हिशोब लोकांच्या अंदाजात बसत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. दाढ दुखते म्हणून ३ तारखेला अमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड सुरू झालं. पाच दिवसांचा कोर्स ७ तारखेला संपला. १० तारखेला अंगभर उठलं. घरचे म्हणणार, गोळ्या संपून तीन दिवस झाले, त्यांचा काय संबंध? आणि सगळा दोष जातो आदल्या दिवशी लग्नात खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर. पण १० तारीख हा औषधाचा आठवा दिवस, म्हणजे ऐन मुदतीतला. खाण्याची अ‍ॅलर्जी असती तर ती बहुधा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत आणि गांधींच्या, म्हणजे अंगावर पित्त उठल्याच्या रूपात दिसली असती. कोर्स संपला म्हणून औषध सुटत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

म्हणून पुरळ उठल्याच्या दिवशी एक कागद घ्या. वर पुरळाची तारीख लिहा आणि तिथून मागे आठ आठवडे जा. या काळात जे जे शरीरात गेलं ते सगळं सुरू केल्याच्या तारखेसह मांडा. रोजची बीपी-शुगरची गोळी लिहायला लोक विसरत नाहीत. विसरतात ते डोकेदुखीची गोळी, पाळीत पोट दुखतं म्हणून घेतलेली गोळी, डोळ्यांचे थेंब, दवाखान्यात घेतलेली सुई, सांधेदुखीचा काढा किंवा भस्म, शेजाऱ्यांनी दिलेली "चांगली" गोळी. जडीबुटीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांत कधी कधी डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, तेव्हा त्याही कागदावर आल्याच पाहिजेत. दहा वर्षं सुरळीत चालू असलेली गोळी सहसा दोषी नसते. गेल्या दोन महिन्यांत नवी सुरू झालेली, त्यातही दोन आठवड्यांतली, तिच्यावर संशय आधी.

इथे मेडिकलमध्ये पट्टी कापून देण्याची सवय आडवी येते. तीन दिवसांच्या गोळ्या कात्रीनं कापून कागदी पाकिटात मिळतात. पाकिटावर लिहिलेलं असतं फक्त १-०-१. नाव आणि मुदतीची तारीख राहते पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर, दुकानातच. आठ दिवसांनी पुरळ उठतं तेव्हा हातात उरते "एक पांढरी, एक पिवळी आणि एक कॅप्सूल". यावरून जगातला कुठलाच डॉक्टर औषध ओळखू शकणार नाही. गोळ्या घेतानाच पूर्ण पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. नवी पेठ असो की होटगी रोड, सांगितलं तर दुकानदार नाही म्हणत नाही. फोटोत मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव आलं नाही तरी चालेल. त्याखाली बारीक अक्षरात घटक आणि मिलिग्रॅम दिलेले असतात, ते वाचता आले पाहिजेत. रिअ‍ॅक्शन ब्रँडची नसते, घटकाची असते. एकाच घटकाचे डझनभर ब्रँड असतात, आणि एकाच ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' किंवा 'एसपी' लागलं की आत एक-दोन घटक वाढलेले असतात.

घटकाची चूक सर्वांत जास्त भोवते ती एका विशिष्ट डागात. याला डॉक्टर फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात आणि आपल्याकडे तो भरपूर दिसतो. ओठावर, हाताच्या पाठीवर, मांडीवर किंवा जननेंद्रियावर एक गोल चट्टा येतो, रुपयाच्या नाण्याएवढा किंवा मोठा, कडा कातून काढल्यासारखी स्वच्छ. पहिल्या दिवशी तो लालसर-जांभळा आणि जळजळणारा असतो, कधी मधोमध फोड येतो. आठवड्याभरात आग थांबते आणि मागे राखाडी-काळा डाग उरतो. पुढच्या वेळी तेच औषध घेतलं की अर्ध्या तासापासून एक-दोन दिवसांत नेमका तोच डाग पुन्हा पेटतो, आणि बऱ्याचदा शेजारी एखादा नवा येतो. दर खेपेला डाग वाढत जातात. त्या जागेच्या त्वचेत आठवण ठेवणाऱ्या पेशी मुक्काम ठोकून बसलेल्या असतात, म्हणून जागा बदलत नाही.

आपल्याकडे यामागे नेहमी असणारी औषधं ठरलेली आहेत: जुलाबाच्या गोळीतलं ऑर्निडाझोल, टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल, त्याच गोळीतला दुसरा घटक ऑफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन, सल्फा वर्गातलं कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, आणि वेदनाशामकांत नायमेसुलाईड, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, क्वचित पॅरासिटामॉलही. पोट बिघडलं की वर्षातून दोनदा तीच गोळी, आणि दोनदा तोच डाग. मधे सहा महिने गेल्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. ओठावर आला तर "ताप उतू गेला" म्हणून सोडून देतात. जननेंद्रियावर आला तर माणूस गुप्तरोगाच्या भीतीनं कुणाला सांगतच नाही, जाहिरातीतल्या वैद्याकडे पैसे घालवतो, आणि नवरा-बायकोत नको ते संशय शिरतात. म्हणून स्पष्ट लिहितो: जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी घेतल्यावर दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारा गोल काळा डाग हा बहुधा औषधाचा असतो. त्वचारोगतज्ज्ञाला तो दाखवायला लाजायचं काहीच कारण नाही. आणि काळेपणा घालवायला गोरेपणाची क्रीम चोळू नका. ते रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरलेलं असतं, वरच्या मलमाचा हात तिथे पोचत नाही. औषध कायमचं टाळलं तर डाग महिन्या-महिन्यांनी फिका होत जातो.

गांधी उठणं, म्हणजे ज्याला आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो, त्याची चाल वेगळी. औषधानंतर काही मिनिटांत ते काही तासांत फुगीर, खाजरे चट्टे येतात. एका जागचा चट्टा २४ तासांच्या आत विरतो आणि दुसरीकडे नवा उठतो. चट्ट्याभोवती पेनानं रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो तिथेच असेल तर ती साधी गांधी नव्हे. आमसुलाचं पाणी लावलं तर बरं वाटतं, लावा. पण ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर आमसूल बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. अशा वेळी जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनॅलिन: मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. खाजेची गोळी किंवा स्टेरॉईडची सुई तिची जागा घेऊ शकत नाही, त्यांना काम करायला वेळ लागतो. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवत नेऊ नका. बरं वाटल्यावर लगेच घरी पळू नये, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

बीपीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी खाज न येता नुसते ओठ-जीभ सुजू शकतात, आणि तेही गोळी सुरू करून महिने-वर्षं झाल्यावर. जुन्या गोळीवर संशय घ्यायची ही एक खरी जागा. यात सेट्रिझीनचा उपयोग होत नाही.

आता ज्याची खरी भीती बाळगायला हवी ते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचंच उग्र रूप असलेलं टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस यांत त्वचेचा वरचा थर भाजल्यासारखा सुटून येतो. औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत हे घडतं. सुरुवात फसवी असते: दोन-तीन दिवस ताप, घसा दुखणं, डोळे चुरचुरणं. मग अंगावर काळपट-लाल ठिपके, आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त. तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी जखमा. बोटानं हलकं घासलं की साल सरकते. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या त्वचेचा साधारण १ टक्का. सुटलेली त्वचा १० तळहातांच्या आत असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० च्या वर गेली तर नेक्रोलिसिस, आणि त्यात साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. औषध जितकं लवकर थांबेल तितकी वाचण्याची शक्यता जास्त. हे घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून पाहण्याचं दुखणं नाही. अतिदक्षता विभाग आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, दोन्ही लागतात. डोळ्यांकडे दुर्लक्ष झालं तर माणूस वाचतो आणि नजर जाते. भाजल्यासारखं दिसतं म्हणून घरातलं भाजल्याचं पांढरं मलम फासू नका. त्यात बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिन असतं, म्हणजे सल्फाच, आणि कधी कधी मूळ दोषी तोच वर्ग असतो.

ही रिअ‍ॅक्शन देणारी मुख्य औषधं मोजकी आहेत: फिटच्या फेनिटॉईन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटाल, लॅमोट्रिजिन, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, कोट्रायमॉक्साझोल, एचआयव्हीची नेव्हिरापिन, पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामकं. कार्बामाझेपिन नुसती फिटलाच नाही, चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठीही देतात. लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दोन-दोन आठवड्यांनी वाढवायची असते, फिटचीच दुसरी गोळी व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याहूनही कमी. "फरक पडेना" म्हणून आपल्या मनानं डोस दुप्पट करणं हा यात सरळ धोका. अ‍ॅलोप्युरिनॉलही १०० मिलिग्रॅमपासून, किडनी अधू असेल तर त्याहून कमी. रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड जरा वाढलेलं दिसलं, सांधा कधी सुजलेला नाही, तरी मित्राची ३०० ची गोळी सुरू करणारे लोक आहेत. हे करू नका. नुसत्या वाढलेल्या आकड्याला बहुधा गोळीची गरजच नसते.

आणखी एक उशिरा येणारा प्रकार आहे, ड्रेस नावाचा, २ ते ८ आठवड्यांनी. अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, ताप, मानेत-काखेत गाठी, आणि आत यकृत किंवा किडनीला मार. पुरळासोबत ताप आणि चेहऱ्याची सूज असेल तर रक्तात सीबीसी, इओसिनोफिल, एसजीपीटी, क्रिएटिनिन तपासलंच पाहिजे. फिटच्या गोळ्या आणि अ‍ॅलोप्युरिनॉल इथेही आहेतच. कुष्ठरोगाच्या एमडीटी पाकिटातल्या डॅप्सोनमुळे साधारण चार ते सहा आठवड्यांनी असाच प्रकार होऊ शकतो. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं ३० नोव्हेंबर २०२३ ला याच कारणासाठी सावधानतेची सूचना काढली. हे क्वचित होतं, पण होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक पुरळ औषधाचं नसतं, आणि उगाच एखाद्या औषधावर शिक्का बसला तर पुढे चांगलं औषध हातचं जातं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना पाठीवर, मानेवर, कमरेच्या नाडीखाली उठणारे पाण्याचे बारीक दाणे घामोळ्यांचे असतात. ती घाम अडकतो तिथे येतात आणि पंख्याखाली, सुती कपड्यात दोन-तीन दिवसांत ओसरतात. पावसाळ्यात तापाच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवशी उठणारं पुरळ डेंग्यूचं असू शकतं. त्यात पॅरासिटामॉलला दोष देऊन आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं हे रक्तस्रावाला आमंत्रण आहे. लहान मुलांत तापासोबतचं पुरळ बहुतेक वेळा विषाणूचंच. यंत्रमागावर, सूत रंगवण्याच्या कामावर किंवा विड्या वळण्यात हात दिवसभर रंगात, रसायनात, तंबाखूत असतील, तर आधी हातावर, मनगटावर, जिथे लागतं तिथेच उठतं. पोटातून गेलेलं औषध असा भेद करत नाही, ते दोन्ही बाजूंना सारखं उठतं आणि सुरुवात धडापासून होते. फक्त उन्हाला उघड्या भागावर, म्हणजे चेहरा, मानेचा व्ही, हाताची पाठ, असं भाजल्यागत झालं आणि सदऱ्याच्या बाहीशी रेघ मारल्यासारखं थांबलं, तर डॉक्सिसायक्लिन किंवा बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाईड आठवा. आपल्या उन्हात ही जोडी त्रास देते.

आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पुस्तकातल्या फोटोंसारखी दिसत नाही. ती तपकिरी किंवा जांभळट दिसते, कधी नुसतीच खरबरीत लागते. खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा, हाताच्या पाठीनं ऊब तपासा, दंडाची आतली बाजू आणि तळहात बघा. काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यावर दाबून धरा: रंग पुसला गेला तर रक्तवाहिन्या फुगल्यात, दाबूनही जांभळा ठिपका तसाच राहिला तर रक्त त्वचेत उतरलंय, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत.

पुरळ साधं असेल, म्हणजे ताप नाही, फोड नाहीत, तोंड-डोळे स्वच्छ, तर संशयित नवी गोळी थांबवून, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना कळवा. मोठ्या माणसाला रात्री सेट्रिझीन १० मिलिग्रॅम खाजेला पुरते. मागावर किंवा गाडीवर काम असेल तर सुस्ती सांभाळा, फेक्सोफेनाडिन त्या मानानं कमी झोप आणते. कॅलामाईन लावा, कोमट पाण्यानं अंघोळ, साबण कमी, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन. पुरळ थांबायच्या आधी एक-दोन दिवस वाढू शकतं, म्हणून घाबरून रोज नवी गोळी जोडू नका. ओळख पटवणं त्यानं अवघड होतं. आठवडा-दोन आठवड्यांत कोंड्यासारखी सालं निघतात आणि ते बरं होण्याचं लक्षण. मेडिकलमधून मिळणारं क्लोबेटासोल हे कडक स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम मात्र फासू नका, त्यानं रूप बदलतं आणि निदान चुकतं.

काही गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात: फिटच्या, हृदयाच्या, टीबीच्या, एचआयव्हीच्या, बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉईड. फिटची गोळी अचानक थांबली तर फिट थांबता थांबत नाही. पण पुरळ असताना पुढचा डोस घेणंही धोक्याचं. म्हणून त्याच दिवशी, पुढच्या डोसच्या आधी, डॉक्टरकडे. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो. फेनिटॉईन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फिनोबार्बिटाल एकमेकांची रिअ‍ॅक्शन देतात, तेव्हा एकीच्या जागी दुसरी घेणं म्हणजे पुन्हा तेच. टीबीत पुरळ शमल्यावर एकेक औषध कमी डोसनं परत सुरू करून दोषी शोधतात. कोर्स सोडून देणं हा पर्याय नाही.

सुईआधी हातावर केलेली टेस्ट ठीक आली म्हणून पुरळ येणार नाही, असाही समज आहे. ती टेस्ट मिनिटांत येणाऱ्या रिअ‍ॅक्शनसाठी असते. आठव्या दिवशीच्या पुरळाचा अंदाज तिच्यातून येत नाही.

दोषी औषध ठरलं की ते एका कार्डावर लिहून घ्या: घटकाचं नाव इंग्रजी स्पेलिंगसह, डोस, सुरू केल्याची आणि पुरळाची तारीख, पुरळ कसं होतं, तोंड-डोळ्यांना काही झालं का, आणि त्याच कुटुंबातली टाळायची औषधं. नुसतं "सल्फाची अ‍ॅलर्जी" किंवा "पेनकिलर चालत नाही" लिहिलेलं कार्ड कामाचं नाही. आयबुप्रोफेननं गांधी उठल्या असतील तर डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिननंही उठू शकतात, पण पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. हा भेद कार्डावर हवा. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि पंढरपूर-अक्कलकोटला किंवा पुण्या-मुंबईला जाताना मूळ कार्ड खिशात. दातांचे डॉक्टर आणि मेडिकलवाले दोघांनाही, त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. २०१० पासून चालणाऱ्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. फॉर्म भरताना पट्टीवरची माहिती लागते, म्हणून रिकामी पट्टी पुरळ पूर्ण जाईपर्यंत टाकू नका.